धूळच धूळ अडवते

पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेलात की चक्कीच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही एकदा नीट बघा. वरून दाणे पडतात, खालून पीठ त्या बाहीतून डब्यात उतरतं. चक्की फिरताना पिठाबरोबर हवाही बाहेर लोटली जाते, ती बाहीच्या कापडातून झिरपून निघून जाते आणि पीठ आतच राहतं. थोड्या थोड्या वेळाने गिरणीवाला बाहीवर दोन थपडा मारतो. कापडाला चिकटलेला थर खाली पडतो, टम्म फुगलेली बाही जरा सैल होते आणि दळण पुढे चालू.

कारखान्यातलं बॅग फिल्टर, ज्याला कुणी डस्ट कलेक्टर म्हणतं, कुणी बॅगहाऊस, ते याच घराण्यातलं. इथे बाह्या दीडशे-दोनशे असतात आणि थपडा मारायला दाबाखालची हवा असते. तत्त्व इतकं सोपं असूनही या यंत्राची एक गंमत मला नोकरीची पहिली दोन वर्षं उमगली नव्हती, आणि न उमगल्यामुळे मी एकदा अख्ख्या शेडवर काळी भुकटी उडवली होती. गंमत अशी की या यंत्रात धूळ अडवण्याचं बरंचसं काम कापडाकडे नसतंच. ते धूळच करते.

मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात बिडाच्या ओतकामाचे कारखाने दाटीने आहेत. ओतकामाचा साचा वाळूचा असतो. वाळू धरून राहावी म्हणून तिच्यात बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि पाणी घालतात. वितळलेलं बीड आत ओतलं, थिजलं, की साचा थरथरणाऱ्या जाळीवर टाकून फोडायचा आणि कास्टिंग बाहेर काढायचं. हा नॉकआउट. त्या क्षणी गरम वाळूतून जी वाफ आणि काळपट धूळ उठते ती बघितली की डस्ट कलेक्टर कशाला हवा हे कुणाला समजावावं लागत नाही.

डोळ्यांना दिसणारी ती धूळ तरी बरी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सत्तर. वाळूतल्या सिलिकाचे जे कण पाच मायक्रॉनच्याही खाली असतात ते नाक-घसा ओलांडून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथेच बसतात. वर्षानुवर्षं ते साठत गेले की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारं औषध नाही. त्यामुळे मोठी धूळ तर अडवायचीच, पण खरी लढाई न दिसणाऱ्या धुळीशी आहे.

हवेचा प्रवास

नॉकआउटवर पत्र्याचं हूड असतं. तिथून डक्टने हवा ओढली जाते आणि चौकोनी, उंच पेटीत खालच्या बाजूने शिरते. आत शिरताच तिच्यासमोर एक आडवा पत्रा येतो. त्याच्यावर आपटून जाडीभरडी वाळू तिथल्या तिथे खालच्या नरसाळ्यात, म्हणजे हॉपरमध्ये पडते. उरलेली हवा वर चढते. वर छताला टांगल्यासारख्या बॅगा लोंबत असतात: साधारण दीडशे मिलिमीटर व्यासाच्या, तीन मीटर लांब, खालून शिवून बंद केलेल्या. हवा बॅगेच्या बाहेरून आत जाते, धूळ बाहेरच्या अंगाला राहते, आणि गाळलेली हवा बॅगेच्या पोटातून वरच्या तोंडाने बाहेर पडते.

बॅगा ज्या भोकं पाडलेल्या जाड पत्र्यात बसवलेल्या असतात त्याला ट्यूब शीट म्हणतात. त्याच्या खाली धुळीचं राज्य, वर स्वच्छ हवेचं. या पत्र्याला एक जरी चीर गेली तरी खालचं वर जातं. स्वच्छ बाजूनंतर पंखा आणि पंख्यानंतर धुराडं. पंखा मुद्दाम शेवटी ठेवतात. एकतर त्याच्या पात्यांना वाळू घासत नाही, आणि दुसरं म्हणजे सगळी पेटी ओढीखाली राहते. कुठे फट पडली तर बाहेरची हवा आत येते, आतली धूळ बाहेर येत नाही.

हवा बाहेरून आत ढकलते म्हटल्यावर बॅग चपटी होऊन मिटणार. म्हणून प्रत्येक बॅगेच्या आत तारेचा उभा पिंजरा असतो, त्याला केज म्हणतात. चालू यंत्रात डोकावता आलं तर बॅग केजच्या तारांवर ताणून बसलेली आणि दोन तारांच्या मधे आत ओढली गेलेली दिसेल, बरगड्या वर आलेल्या जनावरासारखी.

कापडाची भोकं धुळीपेक्षा मोठी

आता गमतीकडे येऊ. आपल्या घरात वस्त्रगाळ हा शब्द आहे. कुटलेलं चूर्ण फडक्यातून गाळतात तेव्हा कापडाच्या भोकापेक्षा बारीक असतं ते खाली येतं आणि जाडं वर राहतं. चाळणीचं गणितही तेच. मग साहजिकच वाटतं की बॅग म्हणजे फार बारीक चाळणी असणार.

तसं नाही. बॅगेचं कापड बहुतेक वेळा विणलेलं नसतं. ते नमद्यासारखं, सुयांनी टोचून टोचून तंतू एकमेकांत गुंतवून केलेलं असतं. साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड, चौरस मीटरला पाचशे-साडेपाचशे ग्रॅम वजनाचं. त्यातल्या मोकळ्या जागा दहा-वीस मायक्रॉनच्या सहज असतात. अडवायची धूळ एक-दोन मायक्रॉनची. चाळणीच्या हिशेबाने ती आरपार जायला हवी.

ती अडकते ती वेगळ्या कारणांनी. हवा तंतूला वळसा घालून जाते. जड कणाला ते वळण जमत नाही आणि तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो, घाटातल्या वळणावर वेगात आलेल्या भरल्या ट्रकसारखा. मध्यम कण हवेबरोबर वळतात, पण तंतूच्या इतक्या जवळून जातात की घासून चिकटतात. बाभळीच्या कुंपणाशेजारून जाताना सदऱ्याची बाही अडकते तसं. आणि अगदी बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून लहान कण? त्यांना हवेचे रेणूच इकडून तिकडे ढकलत असतात. ते सरळ चालतच नाहीत. जत्रेत चुकलेल्या पोरासारखे भरकटत भरकटत कुठल्या तरी तंतूला जाऊन लागतात.

म्हणजे जड कण आदळतात, अतिबारीक कण भरकटून सापडतात, आणि निसटतात ते मधले. साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण कुठल्याही तंतूच्या फिल्टरला सर्वांत अवघड जातात, कारण ते आदळण्याइतके जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. कण जितका बारीक तितका गाळायला कठीण, हा आपला साधा समज इथे पुरा पडत नाही.

आणि हे सगळं फक्त सुरुवातीचं. तंतूवर चिकटलेल्या कणांवर पुढचे कण चिकटतात, त्यांच्यावर आणखी. मोकळ्या जागांवर धुळीचे पूल बांधले जातात आणि बघता बघता कापडाच्या अंगावर धुळीचा सलग थर बसतो. त्याला धंद्यात केक म्हणतात. या केकमधल्या वाटा कापडातल्या वाटांपेक्षा कितीतरी अरुंद असतात. इथून पुढे गाळण्याचं काम केक करतो आणि कापड त्याला नुसतं धरून ठेवतं, भिंतीतल्या कुडाने लिंपणाची माती धरावी तसं.

म्हणूनच कोरी बॅग जुन्या बॅगेपेक्षा जास्त गळते. नवा संच बसवला आणि पंखा पूर्ण जोरात सोडला, तर बारीक धूळ कोऱ्या कापडात खोलवर घुसते आणि पुन्हा कधी निघत नाही. यासाठी पहिल्या दिवशी चुनखडीची भुकटी किंवा तसलीच निरुपद्रवी पूड डक्टमधून ओढवून बॅगांवर एक पातळ थर आधीच बसवतात. आपल्याकडे नवा तवा वापरण्याआधी तेल लावून तापवतात, त्यातलाच प्रकार. घाईत हा टप्पा गाळलेले संच मी पाहिलेत. ते सहा महिन्यांत चोक झाले.

पाण्याच्या शंभर मिलिमीटरची किंमत

केक हवाच, पण तो वाढतच राहिला तर हवेची वाट बंद होते. किती वाढलाय हे समजायला पेटीवर एक गोल गेज असतं. ट्यूब शीटच्या खालचा दाब आणि वरचा दाब यातला फरक ते दाखवतं. सगळे त्याला डीपी म्हणतात. एकक असतं पाण्याचे मिलिमीटर: यू आकाराच्या काचनळीत पाणी भरून दोन टोकं दोन बाजूंना जोडली, तर पाण्याच्या पातळीत जितका फरक पडेल तितका डीपी. आमच्यासारख्या यंत्रात ८० ते १५० च्या दरम्यान असला की गडी ठीक.

शंभर मिलिमीटर पाणी ऐकायला किरकोळ वाटतं. पण तो चौरस मीटरवर शंभर किलोचा भार आहे. तीन मीटरच्या एका बॅगेचं क्षेत्रफळ साधारण १.४ चौरस मीटर. म्हणजे त्या एका बॅगेला चहूबाजूंनी मिळून १४० किलो दाब आत ढकलत असतो. केज गंजून तार तुटली की बॅग तिथेच का फाटते ते आता लक्षात येईल.

विजेचा हिशेब बघा. ताशी २०,००० घनमीटर हवा ओढणारं यंत्र धरू. तेवढीच हवा डीपी शंभर मिलिमीटरने वाढलेला असताना ओढायची तर पंख्याला, त्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरून, आठ किलोवॉटच्या आसपास जादा लागतात. दिवसाला दोनशे युनिट. आणि पंख्यात ती ताकद नसेल, जे बहुधा असतं, तर तो तेवढी हवा ओढतच नाही. मग हूडमधून धूळ उसळून शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या जागी, येते. गेज लांब शेडच्या मागे असतं. आजार तिथला, खोकला मात्र नॉकआउटवरच्या माणसाला.

सतरंजी झटकताना काय होतं

तर हा थर काढायचा, तोही यंत्र बंद न करता. जुनी पद्धत गिरणीवाल्याचीच होती: पंखा बंद करून बॅगा यांत्रिक हिसक्यांनी हलवायच्या. दुसरी पद्धत उलट्या हवेची. पेटीचे कप्पे करून एक कप्पा बंद करायचा आणि त्यात उलट्या दिशेने हलकी हवा सोडून बॅगा आत मिटवायच्या. काचतंतूच्या खूप लांब, नाजूक बॅगांना हीच मानवते. पण १९५० च्या दशकात अमेरिकेत पल्स जेट आलं आणि हळूहळू बहुतेक ठिकाणी तेच बसलं. आमचंही तेच.

प्रत्येक ओळीच्या बॅगांच्या तोंडावरून एक पाइप गेलेला असतो. त्याला प्रत्येक बॅगेच्या बरोबर मध्यावर एक भोक. हा पाइप एका व्हॉल्व्हमार्फत हेडरला, म्हणजे हवेच्या टाकीला, जोडलेला, आणि हेडरमध्ये चौरस सेंटिमीटरला पाच-सहा किलो दाबाची हवा भरून तयार. टायमरने इशारा दिला की व्हॉल्व्ह सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरता उघडतो आणि धप्प! हवेचा गोळा एकाच वेळी त्या ओळीतल्या सगळ्या बॅगांत घुसतो. जाताना तो आजूबाजूची स्वच्छ हवाही ओढून नेतो. त्यासाठी बऱ्याच केजच्या तोंडाला कमरेत बारीक असा व्हेंचुरी असतो.

इथे बहुतेकांचा, माझाही, एक गैरसमज असतो: आतून जोराची हवा मारली, ती कापडातून बाहेर आली आणि तिने धूळ उडवली. थोडीफार हवा येते खरी. पण मुख्य काम वेगळंच होतं. सतरंजी झटकतो तेव्हा आठवा. दोन टोकं धरून आपण ती फेकतो आणि झटक्यात थांबवतो. कापड थांबतं, पण धूळ त्याच वेगाने पुढे जाते. बॅगेचंही तसंच. एरवी ती तारांमध्ये आत ओढलेली असते. पल्स आल्यावर झपकन बाहेर फुगते, पूर्ण गोल होते आणि ताण बसला की एकदम थांबते. अंगावरचा केक मात्र थांबत नाही. त्याला तडे जातात, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली हॉपरमध्ये पडतात. लगेच पंख्याची ओढ बॅग पुन्हा केजवर आणून बसवते.

पापुद्रे पडले पाहिजेत, भुगा उडता कामा नये. कारण पंखा चालूच आहे. सुटा भुगा हवेबरोबर वर चढून शेजारच्या बॅगेवर जाऊन बसतो आणि आपण फक्त धुळीची बदली केली असं होतं. म्हणून केक जरा जाड होऊ द्यायचा असतो, की तो तुकड्यांनी पडेल. म्हणून शेजारशेजारच्या ओळी पाठोपाठ न मारता पहिली, मग चौथी, मग सातवी अशा उड्या घेत मारतात. आणि म्हणूनच बॅगांच्या मधली जागा काटकसरीने ठेवली तर वर चढणाऱ्या हवेचा वेग इतका वाढतो की सुटलेली धूळ खाली यायला तयारच नसते. स्वस्तात घेतलेल्या यंत्रांत हे हमखास दिसतं. पेटी लहान, बॅगा दाटीवाटीने, आणि कागदावर कापडाचं क्षेत्रफळ अगदी बरोबर.

व्हॉल्व्हचं पोट उघडून बघितलं तर आत फक्त रबराचा एक पडदा, डायफ्राम, आणि एक स्प्रिंग असते. पडद्याच्या दोन्ही अंगांना हेडरचाच दाब असतो, म्हणून तो बसून राहतो. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी छोटी झडप, मागच्या बाजूची थोडीशी हवा सोडून देतं, तोल जातो, पडदा उचलला जातो. पडद्याला चीर गेली की हवा सारखी गळत राहते आणि हेडरमध्ये दाबच भरत नाही. मग एका ओळीच्या व्हॉल्व्हपायी सगळ्या ओळी उपाशी. हे कानाने कळतं. चांगल्या पल्सचा आवाज कोरडा, तुटक असतो, दार आपटल्यासारखा. ‘फुस्स’ असा ओढलेला आवाज आला की पाना घेऊन वर चढायचं.

मी केलेली चूक

नोकरीतल्या दुसऱ्या पावसाळ्याआधी आमचा डीपी १३० च्या आसपास फिरत होता. मला तो खटकला. मी टायमर उघडून दोन पल्समधलं अंतर पंधरा सेकंदांवरून चार केलं आणि हेडरचा दाब सात किलोपर्यंत चढवला. तासाभरात डीपी ५० वर. मी लॉगबुकात ठळक अक्षरात नोंद केली आणि खुशीत घरी गेलो.

सेकंड शिफ्टचा फोन रात्री आला. धुराड्यातून दर चार सेकंदाला काळा झोत निघत होता, आणि सकाळपर्यंत शेडच्या पत्र्यांवर आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर काजळीसारखी भुकटी. मला वाटलं बॅगा फाटल्या. आमचे जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी वरचं झाकण उघडून बॅटरी मारली, दोन बॅगा काढून बोट फिरवलं आणि म्हणाले, “फाटलं कुठं न्हाई. साहेब, बॅगा नागव्या केल्यासा की.”

अगदी तेच झालं होतं. केक बसायच्या आत मी तो उडवत होतो, त्यामुळे गाळायला नुसतं कापड उरलं. प्रत्येक पल्सनंतर कापडातली धूळही आतल्या बाजूला सरकत होती. शिवाय दर चार सेकंदांनी तारांवर आपटून कापडाची झीज होत होती ती वेगळी, आणि कॉम्प्रेसर धापा टाकत होता. कमी डीपी म्हणजे चांगलं यंत्र, हे माझं गणित चुकलं होतं. आता आमच्या यंत्राला टायमरऐवजी डीपीवर चालणारा कंट्रोलर आहे. १२० ला पोचला की साफ करायला घेतो, ९० ला आला की थांबतो. धूळ कमी असलेल्या पाळीत पल्स तासभरही ऐकू येत नाही, आणि नवीन मुलं धावत येऊन सांगतात की मशीन बंद पडलंय.

पाऊस, वाफ आणि कापडाचा स्वभाव

कोरडी धूळ झटकता येते. ओली झाली की तिचा चिखल होतो, आणि आमच्या धुळीत तर बेंटोनाइट आहे, म्हणजे मुळातच चिकटण्यासाठी घातलेली माती. नॉकआउटची वाफ पेटीच्या थंड पत्र्यावर थिजली, ते पाणी बॅगेला लागलं, की बॅग शेणमातीने सारवल्यासारखी लिंपून जाते. मग कितीही पल्स मारा, डीपी उतरत नाही. आमच्या भागात जुलैमध्ये हे दुखणं ठरलेलं. त्यात पल्सच्या हवेतही पाणी असतं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते. हवा कोरडी करणारा ड्रायर बिघडला असेल तर हेडरच्या तळाचा कॉक उघडल्यावर तांब्याभर पाणी सहज निघतं. ते काढलं नाही तर आपणच दर पल्सला बॅगेत पाणी शिंपडत असतो. काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं पंखा तसाच चालू ठेवायचा, आतली दमट हवा काढून टाकायची, मग बंद करायचा, ही सवय फुकटची आहे आणि सर्वांत जास्त तीच मोडली जाते.

कापड निवडताना पहिला प्रश्न तापमानाचा. साधं पॉलिएस्टर १३० अंशांपर्यंत टिकतं, पण गरम वाफेत त्याचे तंतू आतून ठिसूळ होत जातात. पीपीएस १९० च्या आसपास, नोमेक्स २०० च्या आसपास, काचतंतू आणि टेफ्लॉन २६० पर्यंत. यात टेफ्लॉन सर्वांत महाग. तापमानापेक्षाही घातक ठिणगी. एक लालबुंद कण कापडाला लागला की भोक पडलं, म्हणून ठिणग्यांच्या जागी आधी सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जड कण बाजूला काढणारं नरसाळं, किंवा ठिणगी विझवणारी पेटी लावतात. साखर कारखान्यांच्या बॉयलरला, जिथे बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, जळते तुकडे धुरातून उडतात, तिथे बॅग फिल्टरपेक्षा पाण्याने धूर धुणारे स्क्रबर किंवा विजेने धूळ ओढणारे ईएसपी जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

धूळच पेटणारी असेल तर प्रकरण आणखी गंभीर. साखर, मैदा, कोळसा, ॲल्युमिनिअम यांची हवेत तरंगणारी भुकटी ठिणगीने स्फोटासारखी पेट घेते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखर कारखान्यात साचलेल्या साखरेच्या धुळीने असा पेट घेतला आणि १४ माणसं गेली. अशा जागी बॅगेच्या कापडात धातूचे तंतू घालून स्थिर वीज जमिनीत उतरवतात, आणि पेटीला मुद्दाम एक कमजोर पत्रा ठेवतात, की दाब वाढलाच तर तो आधी फाटावा आणि आग माणसं नसलेल्या दिशेला जावी.

किती कापड लागतं

हे गणित सोपं आहे आणि विकत घेताना स्वतः करून बघावं. ताशी २०,००० घनमीटर म्हणजे मिनिटाला ३३३. पल्स जेटच्या कापडातून हवा मिनिटाला साधारण एक ते दोन मीटर वेगाने जाऊ द्यावी, दीड धरू. ३३३ भागिले १.५ म्हणजे २२२ चौरस मीटर कापड. एका बॅगेचं १.४ धरलं तर १६० बॅगा, सोळाच्या दहा ओळी. २२२ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ २,४०० चौरस फूट. तीन टू बीएचके फ्लॅटच्या फरशीवर अंथरता येईल इतकं कापड एका खोलीएवढ्या पेटीत उभं टांगलेलं. विक्रेता शंभर बॅगांत भागेल म्हणाला, तर हवेचा वेग किती होतो ते तिथेच विचारायचं.

आत येणाऱ्या हवेत घनमीटरला पाच ग्रॅम धूळ असेल, तर ताशी शंभर किलो धूळ जमा होते. धुराड्यातून घनमीटरला ३० मिलीग्रॅम गेली तरी ताशी ६०० ग्रॅम, आणि १० वर आणली तर २००. ३० हा आकडा उगाच घेतलेला नाही. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेत २०१७ पासूनच्या नव्या औष्णिक वीज संचांना धुळीची हीच मर्यादा घातली आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना धुराड्यातल्या धुळीवरून एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून आमच्याकडेही मालकांना डीपी म्हणजे काय ते माहीत झालं आहे.

बॅग वायू अडवत नाही, हेही सांगायला हवं. गंधकाचा धूर, रंगाचा वास सरळ पार जातो. पण कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर एक युक्ती करतात. बॅग फिल्टरच्या आधी चुन्याची पूड आणि सक्रिय कोळसा धुरात फवारतात. ती पूड बॅगेवर केक होऊन बसते आणि धूर तिच्यातून जाताना आम्ल वायू चुन्याला, पारा कोळशाला धरला जातो. इथेही काम थराचंच.

फाटलेली बॅग शोधणे

हॉपरबद्दल एकच सांगतो: ते गोदाम नाही. खालचा फिरता रोटरी व्हॉल्व्ह धूळ बाहेर सोडतो आणि हवा आत येऊ देत नाही. तो अडकला की धूळ साचत साचत बॅगांच्या टोकांपर्यंत येते आणि आत येणारी हवा तीच धूळ पुन्हा उधळते. अडकलेलं हॉपर कळतं त्याच्या पत्र्यावरच्या हातोड्याच्या खुणांवरून. जितक्या खुणा जास्त, तितका पत्रा आत चेपलेला आणि तितकी धूळ पुढच्या वेळी जास्त अडकणार.

आणि शेवटी ते काम ज्यात मामांचा हात धरणारा कुणी नाही. एकशेसाठ बॅगांपैकी एक फाटली आहे. धुराड्यातून धूळ दिसते, पण सतत नाही, मधूनमधून झोत येतो. मामा खाली बाकावर बसतात, नजर धुराड्याच्या तोंडावर, कान हेडरकडे. धप्प, एक. धप्प, दोन. ओळ मारली की त्या ओळीचा केक सुटतो आणि फाटक्या बॅगेतून पुढच्या क्षणी धूळ वर जाते. कुठल्या आवाजानंतर झोत आला ते तीन फेऱ्या मोजून ते सांगतात, “सहावी.” मग यंत्र बंद करून वरची झाकणं काढायची. ट्यूब शीटवर, फाटक्या बॅगेच्या तोंडाभोवती धुळीची छोटी रास असते, मुंग्यांच्या वारुळासारखी.

रास दिसली नाही, फाट अगदी बारीक असली, तर चकाकणारी रंगीत पूड डक्टमधून ओढवतात आणि अंधार करून जांभळा दिवा घेऊन वर जातात. जिथून पूड आली ते तोंड हिरवं-पिवळं चमकतं. बॅग काढताना वरची स्प्रिंगची कडी चिमटीत दाबून आत मुडपायची, नवी बसवताना तशीच मुडपून भोकात सोडायची. नीट बसली की ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला नाही तर बॅग बसलेली नसते, मग डोळ्यांना कितीही बसल्यासारखी दिसो. स्टोअरमध्ये सुटी बॅग नसेल तर त्या भोकावर पत्र्याची टोपी ठोकतात आणि यंत्र चालू करतात. आमच्या ट्यूब शीटवर आज अशा चार टोप्या आहेत. पाचवी पडली की पूर्ण संच बदलायचा, असं मामांचं आणि माझं ठरलं आहे.